ताटातला अर्धा वाटा

नाही नाही, त्या खुर्चीवर नका बसू मॅडम — ती आमच्या घरधन्याची हाये, आन् ते आले का पयले खुर्चीच पायते, कोनी हलवली तं नाही म्हनून — इकडं बसा, सपरीत, छपराखाली, या पोत्यावर. पोतं साफ हाये. कुत्र्याले भेऊ नका, ते फक्त भुंकते, तेवढंच काम हाये त्याले. हं. म्हनजे तुमी हर्षा मॅडमच्या जागेवर आल्या. भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यातून, मानसिकवाल्या विभागातून. तृप्ती मॅडम. हो, आशाताईनं सांगतलं होतं — नवीन मॅडम येतीन म्हने, घरी बसून सारं पायतीन, आन् मंग डॉक्टरले सांगतीन का यायले नागपूरले भरती करा लागते का घरीच ठेवाचं. तेच ना? तेच. सांगा ना मंग तोंडावर, मी काही रडनारी बाई नाही. रडाले टाइम कोठी हाये? — ते टाकीकडं गेले, येतीन आता जेवाले. तोपर्यंत विचारा काय विचाराचं ते. नाहीतर विचारू नका, मीच सांगते.

आता त्याईले काय होते, ते तुमच्या फायलीत लिहून असनच. पन फायलीत 'आवाज ऐकू येतात' एवढंच लिहून राहते. कोनाचा आवाज, काय म्हनते तो आवाज, ते कोन लिहीन? — केवळरामचा आवाज हाये तो. केवळराम म्हनजे आमच्या जुन्या गावचा कोतवाल. गाव गोसीखुर्द धरनाच्या पान्यात गेलं ना आमचं. गाव खाली कराची दवंडी त्यानंच देल्ली — गळ्यात डफडं, गल्लोगल्ली — आयका हो आयका, पानी येऊन राहिलं, घरं खाली करा. तवा हेच त्याले म्हनत, केवळ्या, तुह्या डफड्यानं का नदी फुगते? ये, चा पे. हासले सारे. मंग पानी आलं. सांगूनच आलं बिचारं, पन आलं. केवळराम इथं पुनर्वसनात येऊन मेला, त्याले जाऊन बी वर्सं झाली, पन त्याची दवंडी काही मेली नाही. सांज पडली का यायच्या कानात डफडं सुरू. मंग हे उठते — धानाची चुंगडी माळ्यावर, ट्रंक खाटेवर, कोंबड्या छपरावर — कोंबड्या का छपरावर राहते? उतरते खालतं — आन् मंग फावडं घेऊन अंगनात धुरा घालते. धुरा म्हनजे धानाच्या बांधीत पानी अडवाले मातीचा बांध असते ना, तो. बांधीले घालतेत लोकं, हे घराले घालते. आता येतानी तुमाले ठेस लागली ना दारापुढं? तोच. लागते साऱ्याईलेच.

नदी इथून किती दूर हाये, तुमी सडकेनं आल्याच. पन समजावाचं कोनाले? समजावून समजावून गाव थकलं. देवाजीभाऊ, पाहा बरं, जमीन कोरडी हाये — मी नाव घेऊन नाही राहिली हं त्याईचं, लोकं म्हनत ते सांगून राहिली — देवाजीभाऊ, हात लावून पाहा, कोठी हाये पानी? हे हात लावत. कोरडी म्हनत. मंग म्हनत, तवा बी कोरडीच होती. आता याच्यावर काय बोलान तुमी? एकानं झाडफूक सांगतली, तं कोंढा गावच्या एका मानसाकडं नेलं, त्यानं लिंबू कापला आन् म्हने, पान्यातलं हाये हे. मी म्हनलं, ते तं आमाले बी माहीत हाये.

मंग हर्षा मॅडम आल्या. सांगू का, मले पयल्या दिवशी बाई पटलीच नाही. मी इथं चा घेऊन, सारं सांगाले बसली — आन् त्या माह्याकडं पायतच नाही. सीध्या त्याईच्यापाशी गेल्या, आन् काय म्हनाल्या? — काका, बसू का? — कोनी विचारते का मॅडम? ज्याले गाव येडा म्हनते, त्याले कोनी विचारते का, बसू का म्हनून? हे म्हनाले, पोहता येते का? त्या म्हने, नाही येत. हे म्हनाले, मंग उंचावर बसा. आन् ती बाई खरंच त्या धुऱ्यावर बसली, ओढनी सांभाळत, चिखलात. म्हने, आज काय म्हनून राहिला केवळराम? मले तं रागच आला. म्हनलं, ही त्याले अजून चढवून राहिली. पन नाही. मंग म्हने — काका, मले नाही आयकू येत, खोटं काहून सांगू. पन तुमाले येते, तेबी खोटं नाही. आयकू आलं का भेव वाटते का? — हे धुऱ्यावरची माती थापटत राहिले. मंग म्हनाले, वाटते. — मॅडम, लगन झाल्यापासून या मानसाच्या तोंडून मी हे आयकलं नव्हतं. साप निंघाला तरी वाटत नव्हतं, कर्जाचा सावकार — जाऊ द्या. वाटते म्हनाले. माह्या हातातला चा तिथंच थंडा झाला.

मंग त्या येतच राहिल्या. काही काम नसलं तरी येत. कवा कवा तं काही बोलत बी नव्हत्या, माह्यासंगं तांदूळ निवडत बसत, खडे कमी आन् तांदूळ जास्त फेकत, ती गोष्ट वेगळी. मले एकच सांगत — काकू, गोळी लपवून द्याची नाही हं. त्याईच्या हातावर ठेवाची, कायची हाये ते सांगाचं, आन् नाही म्हनलं तं भांडाचं नाही, मले फोन कराचा. लपवलं का विश्वास गेला, आन् विश्वास गेला का गोळी बी गेली. — लय चांगलं बोलत. आन् खरंच, हे हातावर घेत, गोळीकडं पायत, म्हनत, ही केवळरामची. आन् गिळत.

आन् नळाचं तुमाले कोनी सांगतलं का? नाही सांगतलं? ते तं सांगाच लागते. आमच्या पुनर्वसनात नळ कवा येईन ते देवाले बी माहीत नाही. कवा सकाळी, कवा दुपारी, बाया वावरात गेल्या का हटकून येते, थोडा वेळ राहते आन् चालला जाते पाव्हन्यासारखा. तं हर्षा मॅडम गेल्या सरपंचाकडं. म्हने, तुमच्या गावात एक मानूस दिवसभर पान्याचीच वाट पायते, त्याले पान्याचंच काम द्या. टाकीचा कॉक सुटला का गावात आवाज द्याचा, बस. सरपंच हासला. पन नळापाई बाया त्याले रोज शिव्या देत होत्या, म्हने, चालते, आपल्या बापाचं काय जाते? मंग काय — सकाळी हे आंघोळ करून, दुपट्टा बांधून टाकीखाली हाजर. पाईप खनखनला का निंघाले गल्लोगल्ली — पानी येऊन राहिलं! पानी येऊन राहिलं! — तेच शब्द मॅडम. तेच. पयले हे आरडले का लोकं दारं लावून घेत, आता तेच लोकं दारं उघडून गुंड-बकेटा घेऊन पळत. बाया म्हनत, देवाजीभाऊ, तुमी नसते तं आमी तहानेच मेलो असतो. सव्वीस जानेवारीले शाळेत नारळ आन् दुपट्टा देल्ला. आन् केवळराम? यायचा ना, सांजेले. सुटला थोडीच. पन हे त्याले म्हनत — माही ड्युटी संपली, तू सकाळी ये. — मी माह्या कानानं आयकलं. फावडं गंजलं मॅडम त्या सालात.

मंग हर्षा मॅडमचं काम संपलं म्हने. तो करार का काय असते ना, तो. जातानी येऊन गेल्या, यायच्या पाया पडल्या, नवीन मॅडम येतीन म्हनाल्या. आल्या ना, तुमी आल्याच ना — मी कुठं काय म्हनून राहिली. मधात थोडी फाट पडली, एवढंच. तुमचा काय दोष? — आन् त्याच फटीत ग्रामपंचायतीनं मोबाईलवर ग्रुप बनवला. कॉक उघडनाराच आता त्याच्यावर टाकते — 'नळ आले', आन् हात जोडल्याचं चित्र. माह्या मोबाईलवर येत नाही, माहा साधा हाये. पन गावाच्या येते. हे गेले नेहमीसारखे आरडत, तं लोकं दारातूनच मोबाईल दाखवत — आलं, आलं, देवाजीभाऊ, मालूम हाये आमाले. वाईट कोनीच बोललं नाही. चांगलंच बोलले. त्यानंच तं मानूस खचते मॅडम. शिव्या देल्ल्या असत्या तं भांडले असते. दोन-चार दिवस गेले, मंग टाकीखाली जाऊन नुस्तेच बसत, मंग आषाढ लागला आन् फावडं निंघालं.

आषाढाचं नका विचारू. आषाढात लय झालं. एका सांजेले तं — जाऊ द्या. पोळा आला तोपर्यंत हे गोळी घ्याले बी तयार नाही. हातावर ठेवली तं म्हने, केवळराम खरं सांगून राहिला आन् तू मले चूप करून राहिली. फेकली अंगनात. कोंबडीनं खाल्ली. कोंबडी दिवसभर झोपली, दुसऱ्या दिवशी अंडं देल्लं तं तेबी झोपल्यासारखं. हासा, हासा, मी बी हासली. मंग फोन लावला उर्वशीले — माही पोरगी, जवाहरनगरले देल्ली, जावई फॅक्टरीत हायेत, क्वार्टर हाये, सारं ठीक हाये. ते म्हने, आई, तू एवढी काहून समजावून राहिली, भाजीत कालव ना. तिच्या शेजारनीनं तसंच केलं होतं म्हने नवऱ्याची दारू सोडवाले. सुटली का? ते नाही विचारलं मी.

हो. माहीत हाये. हर्षा मॅडम नाही म्हनाल्या होत्या. पन हर्षा मॅडम होत्या कुठं? फोन लावला तं नंबर बंद. घरात दोन जनं, एक धुरा घालते आन् एक पायते, सांगा बरं काय कराचं? गोळी पाट्यावर मिठासंगं वाटाची आन् त्याईच्या वाटनीच्या भाजीत कालवाची. पयल्या दिवशी वांग्याची होती. घास घेतला, थांबले, माह्याकडं पाहिलं. म्हने, कारलं हाये का? मी म्हनलं, वांगे हायेत. मंग अजून पाहिलं माह्याकडं. म्हने, हो, वांगेच हायेत. आन् जेवले. तवापासून एक दिवस खाडा नाही हं. डॉक्टरनं विचारलं, गोळी घेते का? मी सांगतलं, घेते. खोटं का हाये? पोटात तं जाते ना. पन गुन नाही मॅडम. डॉक्टरनं डोस वाढवला, तरी तेच, अजून वाढवला, तरी सांज पडली का फावडं. तवाच ते म्हनाले — घरी असर नाही होऊन राहिला, नागपूरले भरती करून पाहू. चांगला हाये डॉक्टर, आवाज चढवत नाही. पन मले भेव वाटते. तुमाले सांगते, लपवून काय करू — लय भेव वाटते. ह्या मानसाले एकदा जागेवरून उचललं, तं हा असा झाला. अजून एकदा उचललं तं परत काय येईन? खुर्ची हलली तरी त्याईले चालत नाही. मले तेवढं तुमी डॉक्टरले सांगा. बाकी काही नाही सांगतलं तरी चालते.

थांबा, चा तं घ्या. — अरे. सांडला. पदरानं पुसू नका वो, राहू द्या, माह्याच हातानं सांडला. असाच हालते हात आजकाल. वय झालं. नाही, शुगर नाही, आशाताईनं तपासली. तोंड कोरडं पडते, पाय निरा लाकडाचे, आन् झोप — झोप तं विचारूच नका. भांडे घासता घासता डोळा लागते. धानकापनीले गेली तं बाया म्हनत, रुखमिणी, तू धान कापून राहिली का उभ्यानं घोरून राहिली? माही पात मांगं राहिली का शेजारची बाई गुपचूप आपल्या पातीसंगं माही बी कापत ने. आपल्यात तसंच असते, मांगं राहिली तिच्या पातीत हात टाकाचा, तोंड नाही टाकाचं. — पन मले काही नाही झालं. तुमी त्याईच्यासाठी आल्या, त्याईचं लिहा. उलट मले बरंच हाये. आधी मले झोपच नव्हती, आता झोप तं हाये.

जेवली का? — पाहा, हर्षा मॅडम बी जाता जाता हेच विचारत. काकू, तुमी जेवल्या का? मी म्हनत, हो. कोनी विचारलं तं हो म्हनाचं असते. नाही, आता कुठून जेवीन? ते येतीन, ते जेवतीन, मंग मी त्याईच्याच ताटात. वेगळं ताट? कायले वेगळं ताट? लगन करून आली तवाच सासूनं सांगतलं — नवऱ्याच्या ताटात जेवाचं, भांडं बी एकच घासा लागते. तवा पटलं नव्हतं, मंग पटलं. तुमी आजकालच्या पोरी नाही करत, नका करू. पन सांगू का, हे उष्टं नाही ठेवत, हे वाटा ठेवते. तलावातली मासोळी आनली तं मधातला तुकडा माह्यासाठी राहेच. तोंडानं कवा गोड बोलले नाही, पन तो तुकडा कवा चुकला नाही. येडे झाले म्हनते गाव, पन त्या येडेपनात बी माहा वाटा नाही इसरले. उलट आता तं जास्तच करते. पोळ्यापासून पाहून राहिली — भाजीत मधातून बोट फिरवते, जसा बांधीत धुरा, आन् इकडची आपली, तिकडची माही. बराबर अर्धी. मी म्हनलं, वो, तुमच्या वाटनीची तुमी खा ना, मले चुलीवरच्या गंजात हाये. तं म्हने, गंजातली राहू दे. ही खा. समोर बसून खाऊ घालते मॅडम, मी खाल्ल्याशिवाय उठतच नाही. म्हातारपनी असं प्रेम कोनाच्या नशिबात —

काय झालं? पेन काहून ठेवला? लिहा ना. — काय? हो, त्याच भाजीतली. मंग कोनत्या? त्याईच्या ताटातली. गोळीवाली, हो — पोळ्यापासून, सांगतलं ना — अर्धी ते आन् अर्धी —

अर्धी मी.

थांबा. थांबा मॅडम, बोलू नका. — मंग ती कोंबडी आन् मी. — हात हालते ते. झोप ते. आन् डॉक्टरनं वाढवली ते — वाढवली तशी माही बी वाढली. अवो बाप्पा. म्हनजे त्याईले गुन येत नव्हता तो माह्या पोटात होता. मी खाल्लं त्याईचं औषध, आन् आता त्याईले नागपूरले — माह्यापाई. नाही, नाही, तुमी नका म्हनू चूक कोनाची नाही, हर्षा मॅडमनं सांगतलं होतं, लपवू नका म्हनून, स्पष्ट सांगतलं होतं. हे डॉक्टरले आजच सांगा. फोन लावा. सांगा, औषध कमी नाही पडलं, दोघात पडलं. बायकोनं अर्धं खाल्लं म्हना, हासू द्या त्याईले. त्याईले पूर्ती गोळी भेटलीच नाही, तं कायची भरती? — होते ना असं? पयले पूर्ती देऊन पाहू, मंग ठरवू, असं होते ना? — म्हनतीन ना डॉक्टर? — बरं. बरं. मी तुमच्यासंगं येते दवाखान्यात. मले बी दाखवा लागन? मले कायले? हो, अचानक बंद करू नका म्हनता, समजलं. पन मले कायले दाखवाचं? मले काही होत नव्हतं. उलट माहं तं बंद झालं —

काही नाही. झोप म्हनली मी. झोपेचं म्हनली.

पाहू नका वो अशा. हर्षा मॅडम बी अशाच पायत, काही विचारत नव्हत्या आन् अशाच पायत, म्हनूनच मी त्याईले तांदूळ निवडाले देत होती. — लिहू नका. पेन ठेवलाच हाये ना, मंग ठेवूनच राहू द्या. — आषाढात म्हनलं ना मी, एका सांजेले. सारे म्हनते त्या दिवशी सामान वर चढवाले हे पयले उठले. हे नव्हते उठले. हे खाटेवर होते. ट्रंक मी उचलली. डफडं — आता मी काय सांगू तुमाले — सांज होती, चूल पेटून होती, आन् गल्लीतून डफडं आलं. केवळरामचंच. हातची लय मी वळखत नाही का, आमच्या लगनात बी त्यानंच वाजवलं होतं. त्याच्या आधी बी येई. हळू येई. मी ध्यान देत नव्हती. म्हनलं, दोघं येडे झालो तं सयपाक कोन करीन? पन त्या दिवशी ट्रंक उचलली आन् खाटेकडं वळली, तं हे माह्याकडं पाहून राहिले. उठले, ट्रंकेचं दुसरं टोक धरलं, आन् वरतं ठेवू लागले. बस. पुन्हा कवा त्याईनं काढलं नाही, मी काढलं नाही. आन् पोळ्यानंतर मले येनंच बंद झालं. मी म्हनलं, गेला असन केवळराम, माहा तरी पिच्छा सुटला —

कारलं हाये का म्हनाले.

मॅडम. पयल्याच घासाले म्हनाले, कारलं हाये का. आन् मंग पाहिलं माह्याकडं, आन् म्हने, हो, वांगेच हायेत. आन् त्याच दिवशी — त्याच दिवशी पयल्यांदा भाजीत बोट फिरवलं. — त्याईले माहीत होतं. पयल्या दिवसापासून माहीत होतं. माह्यासाठी अर्धी ठेवत होते. स्वतः सांजेले फावडं घेऊन अंगनात उभे, आन् मी घरात झोपून.

नाही, मी रडून नाही राहिली. तोंड कोरडं पडलं, पानी द्या तेवढं. —

आले. कुत्रं भुंकलं ना, आले. आयका, त्याईले काही विचारू नका लगेच. पयले म्हनाचं, काका, बसू का. हो म्हनले तं धुऱ्यावर बसाचं, उंचावर. पोहता येते का म्हनतीन, येत असन तं येते सांगा, नसन तं नाही सांगा. खोटं नको. आजपासून इथं खोटं नको. — या. आले का? कोनी नाही, दवाखान्याच्या नवीन मॅडम हायेत, तुमची खुर्ची नाही हलवली त्याईनं. हात धुवा. भाजी वांग्याची हाये, तिच्यात काही नाही आज. हे पाहा, गोळी ही, हातावर. एक तुमची. पूर्ती तुमची. आन् आज दोन ताटं वाढते —

काहून म्हनजे?

— हो. डफडं येत होतं. मले बी येत होतं.

मॅडम, तुमी जरा बाहेर बसा. तिथं, धुऱ्यावर. आमाले जेवू द्या.